श्रीपादाची चढाई: इंदूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेतल्या श्रीपाद डोंगराबद्दल इंदूर, महू, देवासहून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक विचारणारे पाठीवर सॅक टाकून, टूर कंपनीशिवाय जाणारे आहेत, म्हणून उत्तरंही त्याच बेतानं लिहिली आहेत. एक गोष्ट एकाच ठिकाणी सांगितली आहे, बाकी ठिकाणी फक्त क्रमांक दिला आहे.

१. श्रीपाद म्हणजे नेमकं काय? नकाशात ॲडम्स पीक दिसतं, ते हेच का?

हेच. श्रीलंकेच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यातला २,२४३ मीटर उंचीचा सुळका. धूपगड १,३५२ मीटर आणि कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे या दोन्हींपेक्षा उंच. पण श्रीलंकेतला सगळ्यात उंच डोंगर हा नव्हे, तो मान पिदुरुतलागलचा.

माथ्यावरच्या खडकात पावलासारखा लांबोडका खोलगट ठसा आहे. बौद्ध त्याला बुद्धांचं पाऊल मानतात. 'महावंस' या पाली ग्रंथाप्रमाणे बुद्ध तिसऱ्यांदा लंकेत आले तेव्हा केलनियाहून पुढे या डोंगरावर गेले आणि तिथे पाऊल उमटवलं. तमिळ हिंदूंसाठी ते शिवाचं पाऊल आणि डोंगर शिवनोळिपाद मलै. मुसलमान आणि ख्रिस्ती परंपरेत ते आदमचं, त्यावरून इंग्रजी नाव पडलं. चौदाव्या शतकात इब्न बतूताही इथे चढून गेला होता. डोंगराचा रखवालदार देव समन, त्यामुळे सिंहली माणसाच्या तोंडी समनलकंद हेही नाव येतं.

माळव्यातल्या माणसाला एक धागा जवळचा वाटेल. पादवंदनेची जी पाली गाथा थेरवादी बौद्ध म्हणतात, तिच्यात बुद्धांच्या पाऊलखुणांची ठिकाणं येतात. त्यात सुमनाचल, म्हणजे हा श्रीपाद आहे, आणि नर्मदेचा वाळवंटी काठही आहे. जलूदहून जिचं पाणी इंदूरच्या नळाला येतं, तीच नर्मदा.

२. आम्हाला गर्दीपासून सुटका हवी आहे. तिथे तर लाखो लोक जातात म्हणे, मग श्रीपादच का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रास्तही आहे. राजवाड्याची वाहतूक, रात्रीचा सराफा, रंगपंचमीची गेर या सगळ्याला विटून निघालेल्या माणसाला सांगायचं की पहाटे दोन वाजता पाच हजार पायऱ्यांवर रांगेत उभा राहा, हे विचित्रच वाटतं.

तर आधी स्पष्ट सांगतो: निर्जन डोंगर हवा असेल तर यात्रेच्या सीझनमधल्या (डिसेंबर ते मे, प्र. ४) शनिवारी किंवा पौर्णिमेला जाऊ नका. त्या रात्री वरचा टप्पा अक्षरशः तुंबतो. एका पायरीवर दोन-दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि सूर्य उगवतो तेव्हा तुम्ही शिखराखालीच अडकलेले असता. अशा रात्री गेलेले लोक परत येऊन चिडून बोलतात. डोंगराचा काही दोष नसतो, तारीख चुकलेली असते.

पण सीझनमध्येच, आठवड्याच्या मधल्या वारी, पौर्णिमेपासून चार-पाच दिवस दूर राहून गेलात तर चित्र पालटतं. दिवे लागलेले, चहाच्या टपऱ्या उघड्या, वाटेवर माणसं आहेत पण ढकलाढकली नाही. आमचं मत विचाराल तर हाच बेत बरोबर. ती गर्दी शहरातल्यासारखी नसतेच मुळी. बरोबर चालणारा अनोळखी माणूस तुम्हाला वाट देतो, दमलात तर थांबून बघतो, वरून उतरणारे चढणाऱ्यांना 'करुणावई' म्हणून शुभेच्छा देतात. पंढरीच्या वाटेवर 'माउली' ऐकलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि दिवसभर खाली काय असतं? चहाचे मळे, मौसाकेले जलाशय, दुपारी एकच्या सुमारास पेंगणारं पायथ्याचं गाव नल्लतन्निया. शांतता हवी असेल तर चढाईच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचा मुक्काम तिथेच ठेवा. बरेच जण एका रात्रीत डोंगर उरकून पळतात आणि मग शांतता मिळाली नाही म्हणून कुरकुरतात.

३. इतक्या लांब कशाला? आपल्याकडे बौद्ध डोंगर नाहीत का?

आहेत की, आणि ते आधी बघावेत असंच आम्ही सांगू. सांचीची टेकडी रेल्वेनं एका दिवसात होते. धार जिल्ह्यात बाघच्या लेण्या आहेत. खरी चढण आणि तीर्थ दोन्ही हवं असेल तर बिहारमध्ये राजगीरचा गृध्रकूट आहे. तिथे बुद्धांनी उपदेश केला असं मानतात, आणि चढण तासाभरात होते.

उलट दिशेनं पाहिलं तर श्रीलंकेचं बौद्ध नातं माळव्यातूनच सुरू होतं. सम्राट होण्याआधी अशोक उज्जैनला होता. त्याची पत्नी देवी विदिशेची. त्यांचा मुलगा महेंद्र लंकेला धम्म घेऊन गेला, आणि निघण्यापूर्वी आईला भेटायला विदिशेला थांबला, असं लंकेच्याच ग्रंथांत लिहिलं आहे. मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली. नोव्हेंबरअखेरीस सांचीला भरणाऱ्या उत्सवात श्रीलंकेचे भाविक दिसतात ते याच नात्यानं. महूहून जाणाऱ्या कित्येकांसाठी आणखी एक कारण असतं: १९५० साली बाबासाहेब आंबेडकर कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते, आणि श्रीपादाला जाताना कँडी वाटेत घेता येतं.

४. कधी जावं? दिवाळीच्या सुट्टीत जमेल का?

दिवाळीत नको. तीर्थयात्रेचा सीझन डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होतो आणि वैशाख पौर्णिमेला संपतो. आपल्या हिशेबानं साधारण दत्तजयंती ते बुद्धपौर्णिमा. डिसेंबरच्या त्या पौर्णिमेला तिकडे उंदुवप पोया म्हणतात. संघमित्रा बोधिवृक्ष घेऊन आली ती हीच पौर्णिमा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या भागात पाऊस असतो आणि वाटेवरचे दिवेही लागलेले नसतात.

हवेचा विचार केला तर जानेवारी ते मार्च सगळ्यात कोरडं. एप्रिलमध्ये दुपारी गडगडाट करून पाऊस येतो, पण पहाट बहुतेक मोकळी असते. मुलांच्या परीक्षांमुळे ज्यांना मेच आहे, त्यांनी वैशाख पौर्णिमेच्या आत परत यायचा बेत करावा आणि बरोबर रेनकोट ठेवावा. सीझनबाहेरचं सगळं प्र. १८ मध्ये.

५. नक्की कोणता दिवस निवडू?

सोमवार ते गुरुवार यांतला, पोया नसलेला. पोया म्हणजे पौर्णिमा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, त्यामुळे पोया शुक्रवारी किंवा सोमवारी आली की सलग तीन दिवस गर्दीचे. होळीच्या सुमाराची मेदिन पोया आणि एप्रिलच्या मध्यावरचं सिंहली-तमिळ नववर्ष हे दोन्ही टाळा.

तारीख आपल्या पंचांगावरून काढू नका. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, आणि अधिक महिना असेल त्या वर्षी गोंधळ आणखी वाढतो. श्रीलंकेचं त्या वर्षीचं सुट्ट्यांचं कॅलेंडर बघा.

उलट कोणाला पौर्णिमेचीच यात्रा हवी असेल, श्रद्धेनं किंवा हौसेनं, तर खुशाल जावं. फक्त रात्री आठ-नऊलाच चढायला लागायचं आणि सूर्योदय वरून दिसेल ही अपेक्षा सोडायची.

६. इंदूरहून पोहोचायचं कसं?

इंदूरहून कोलंबोला थेट विमान नाही. मुंबई, चेन्नई, बेंगळुरू किंवा दिल्लीला बदलावं लागतं. वेळ असेल त्यांनी रेल्वेनं चेन्नई गाठून तिथून उडावं. चेन्नई-कोलंबो अंतर अगदी थोडं आहे. कोलंबोचा विमानतळ शहरात नसून कटुनायकेला आहे, हे हॉटेल बुक करताना ध्यानात ठेवा.

पुढे कोलंबो फोर्ट स्टेशनवरून बदुल्लाकडे जाणारी डोंगरी रेल्वे पकडून हॅटनला उतरायचं. कोलंबोहून पाच-सहा तास, कँडीहून अडीच-तीन. आरक्षित डब्यांची तिकिटं महिनाभर आधी उघडतात आणि पर्यटकांच्या गाड्यांची पटापट संपतात. संपली तर हिरमुसू नका. तिसऱ्या वर्गाचं अनारक्षित तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं. आपल्याकडच्या जनरल डब्याची सवय असलेल्याला त्यात अवघड काही नाही. जोराचा पाऊस झाला की या मार्गावर दरडी कोसळतात आणि गाड्या बंद होतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. रेल्वे बंद असली तर कोलंबो आणि कँडीहून हॅटनला बस असतात.

हॅटनहून पायथ्याचं गाव नल्लतन्निया, सुमारे ३३ किलोमीटर. सीझनमध्ये स्टेशनजवळून थेट बस मिळते, एरवी मस्केलियाला बदलावी लागते. रस्ता सगळा वळणांचा, चहाच्या मळ्यांमधून. गाडी लागणाऱ्यांनी पुढची जागा धरावी.

गावाचं जुनं इंग्रजी नाव डलहौसी. बुकिंगच्या ॲपवर तेच दिसतं, आणि हिमाचलमधल्या डलहौसीची खोली बुक करून बसलेले लोकही निघतात. देश तपासून मगच पैसे भरा.

७. नागपट्टणमहून बोट सुरू झाली आहे ना? तिनं गेलं तर?

नागपट्टणम ते जाफन्याजवळचं कांकेसंतुरै अशी प्रवासी बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली, २०२४ मध्ये पुन्हा चालू झाली. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. हातात भरपूर दिवस असतील तर छान, कारण जाफन्याहून दक्षिणेकडे येताना अनुराधपूर आणि महेंद्र जिथे उतरला ते मिहिंतले वाटेत लागतं. आठ दिवसांची रजा घेऊन निघालेल्यानं या भानगडीत पडू नये.

८. व्हिसा आणि पैशांचं काय?

भारतीय पासपोर्टवर इटीए, म्हणजे प्रवासापूर्वीची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललेत, म्हणून कोणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका. श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अर्ज करा. तसेच दिसणारे खासगी दलाल जास्तीचे पैसे घेतात. पासपोर्ट निदान सहा महिने चालू हवा.

फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआयनं पैसे देता येतात, पण ते शहरातल्या दुकानांपुरतं धरा. डोंगरावर रोकडच चालते, तीही सुट्टी. हॅटनच्या एटीएममधून काढून घ्या. घड्याळ बदलायची गरज नाही, दोन्ही देशांची वेळ एकच आहे.

९. कोणत्या वाटेनं चढू?

पहिल्यांदा जाणाऱ्यानं हॅटनची, म्हणजे नल्लतन्नियाची वाट. सगळ्यात आखूड, सगळ्यात जास्त वर्दळीची, जवळजवळ पूर्ण पायऱ्यांची. पुढची सगळी उत्तरं हीच वाट धरून आहेत.

रत्नपुराच्या बाजूनं पलाबद्दलहून जाणारी वाट जुनी आणि मोठी पुण्याची मानतात. वेळ दुप्पट लागतो, कारण ती बरीच खालून सुरू होते. कुरुविट-एरत्न वाट जंगलातून जाते, उभी आहे आणि तिथे जळवा जास्त. हा सगळा प्रदेश राखीव रान आहे. श्रीलंकेच्या मध्य डोंगराळ भागाला २०१० साली युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला, त्यात हे रान येतं. डोंगर चढायची सवय असलेल्यांनी रत्नपुराकडून चढून हॅटनकडे उतरावं, फार सुंदर होतं. तिढा एकच: सॅकचं काय करायचं? ते प्र. १३ मध्ये.

१०. पायऱ्या किती? ऑफिसात बसणाऱ्या माणसाला जमेल का?

हॅटनच्या वाटेवर साधारण साडेपाच हजार पायऱ्या, सात किलोमीटरच्या आसपास अंतर आणि हजारेक मीटर चढ. धडधाकट माणसाला तीन ते चार तास लागतात. उंची फार नसल्यामुळे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. दम लागतो तो पायऱ्यांमुळेच.

जमतं. साठी-सत्तरीच्या आज्या पांढऱ्या साडीत, अनवाणी, दोन्ही बाजूंनी नातवांचा हात धरून वर जातात. पण त्या घाई करत नाहीत. आपले तिशीतले लोक पहिला तासभर सपाट्यानं चढतात आणि मग टपरीच्या बाकावर आडवे होतात.

सराव इंदुरातच होतो. महिना-दीड महिना आधीपासून दर रविवारी रालामंडल किंवा महूपुढचं जानापाव करा. देवासची टेकडी पायऱ्यांसाठी चांगली. आठवड्यात घराच्या किंवा ऑफिसच्या जिन्यावर चढण्याइतकंच उतरण्याचा सराव करा, कारण खरी परीक्षा उतरताना होते. पायऱ्या एकसारख्या नाहीत; काही वीतभर, काही गुडघ्याला येतील एवढ्या. मांड्या थरथरू लागतात ते परतीच्या वाटेवर. दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.

११. रात्रीच का चढतात? किती वाजता निघायचं?

सूर्योदयासाठी, आणि ऊन चुकवण्यासाठी. सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो. मधल्या वारी दोन वाजता निघालात तर पुरतं. हळू चालणाऱ्यांनी एक वाजता. फार लवकर पोहोचण्यात शहाणपण नाही. वर घाम निथळत्या अंगानं दोन तास वाऱ्यात बसलात तर दात वाजतात, आणि आडोशाच्या जागा थोड्याच असतात. लवकर वाटलं तर शिखराखालच्या एखाद्या टपरीत थांबून वेळ काढा.

१२. वाटेत काय काय लागतं?

गाव संपलं की मकरतोरण, मग चहाच्या मळ्यातून सौम्य चढ. डावी-उजवीकडे लहान विहारं. काही ठिकाणी मनगटाला धागा बांधून दानाची वही पुढे करतात. आधीच्या पानांवर लिहिलेले मोठमोठे आकडे बघून दडपून जाऊ नका, यथाशक्ती द्या.

पुढे ओढ्याकाठी जपानी भिक्खूंनी उभारलेला पांढरा शांतिस्तूप लागतो. वर्ध्याचा आणि राजगीरचा स्तूप ज्या निप्पोन्झान म्योहोजी संघाचा, त्याच संघाचा हा. रात्री जाताना घाईत सुटतो, उतरताना जरूर थांबा. सीत गंगुल या थंडगार ओढ्यावर भाविक हातपाय धुतात, काही जण आंघोळही करतात.

मग इंदिकटुपान. बुद्धांचं चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, इथे फाटलं आणि त्यांनी ते बसून शिवलं, अशी कथा. म्हणून पहिल्यांदा येणारे इथे सुई खोचून पांढरा दोरा सोडतात आणि रीळ उलगडत पुढे चढत जातात. सीझनच्या मध्यावर कठड्यांवर दोऱ्यांचा एवढा थर चढलेला असतो की खालचं लोखंड दिसत नाही. पहाटेच्या दवानं ते दोरे ओले होऊन एकमेकांना चिकटतात, आणि हात टेकलात की तळव्याला थंड, मऊ लागतं. रीळ वाटेतल्या दुकानात मिळतं. पहिल्यांदा येणाऱ्याला सिंहलीत 'कोडुकारया' म्हणतात. कोणी हसून तसं विचारलं तर राग मानू नका.

टपऱ्या जवळजवळ वरपर्यंत आहेत. काळा चहा मागवा. बरोबर माडाच्या जातीच्या कितुल झाडाच्या गुळाचा, हकुरुचा, खडा देतात. तो चहात घालायचा नाही. दातानं तुकडा तोडायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. शेवटच्या टप्प्यात, जिथे पायऱ्या अगदी उभ्या होतात आणि दोन्ही हातांनी कठडा धरून चढावं लागतं, त्याच्या आधीची टपरी सोडू नका.

१३. कपडे काय घालू? आणि माझी साठ लिटरची सॅक कुठे ठेवू?

सॅक वर नेऊ नका. नल्लतन्नियात मुक्कामाच्या ठिकाणी ठेवायला देतात. खोली सोडली असली तरी उतरेपर्यंत ठेवतात, फक्त आधी विचारून घ्या. रत्नपुराकडून चढून हॅटनकडे उतरणार असाल तर मोठं सामान आधीच कँडी किंवा कोलंबोच्या मुक्कामी ठेवून या. पासपोर्ट आणि पैसे मात्र अंगावर.

वर नेण्याची पिशवी लहान: लिटरभर पाणी, विजेरी, कोरडा बनियन किंवा टी-शर्ट, वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, रेनकोट, थोडे काजू-खजूर. जानेवारी-फेब्रुवारीच्या पहाटे माथ्यावर बोचरी थंडी असते, आणि वारा असला की आणखीच. इंदूरच्या थंडीवर भरवसा ठेवून एका स्वेटरवर गेलेले पस्तावतात. कोरडा कपडा वर पोहोचल्या पोहोचल्या बदला, बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे. भाविक पांढरे घालतात, तुम्हाला सक्ती नाही. शिखरावरच्या देवळाच्या आवारात चपला-बूट काढावे लागतात आणि फरशी बर्फासारखी गार असते. जाड मोजे ठेवा.

१४. वर नेमकं काय आहे? ती त्रिकोणी सावली दिसतेच का?

माथा लहान आहे. देऊळ, समन देवाचं स्थान, भिंतीनं बांधलेलं आवार. ठसा झाकलेला असतो. खरं पाऊल त्याच्याही खाली रत्नावर आहे, अशी श्रद्धा. तिथे फोटो काढू देत नाहीत. बाहेर घंटा आहे. जितक्या वेळा यात्रा केली तितके टोल द्यायचे, म्हणजे नवख्यानं एकच. शेजारी एखादे आजोबा शांतपणे वाजवतच राहतात आणि आजूबाजूचे मनातल्या मनात मोजत असतात.

सूर्य वर आला की बहुतेक जण पूर्वेकडेच मोबाईल धरून उभे राहतात. तुम्ही वळून पश्चिमेला जा. खालच्या धुक्यावर डोंगराची रेखीव त्रिकोणी सावली पडते आणि थोड्याच वेळात आखडून नाहीशी होते. डोंगर तेवढा टोकदार आहे म्हणून ती त्रिकोणी, असं लोक सांगतात. खरं तर सूर्य क्षितिजाशी असताना कुठल्याही उंच डोंगराची सावली मैलोन्‌मैल लांब पडते, आणि लांब जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांसारखी तिच्या दोन्ही कडा दूरवर मिळाल्यासारख्या दिसतात. पश्चिमेला हवेत थोडं धुकं आणि पूर्वेला आकाश मोकळं, असं दोन्ही जुळलं तरच ती दिसते. हमी कोणीच देऊ शकत नाही.

१५. ढगांनी काहीच दिसलं नाही तर?

हाताशी एक रात्र राखीव ठेवा. पहिल्या दिवशी ढग दिसले तर चढाई पुढे ढकलता येते. ज्यांना सूर्योदयाचं वेड नाही त्यांनी सरळ सकाळी सात-आठला निघावं. सगळे उतरत असतात, वाट मोकळी असते, आणि रात्री न दिसलेलं जंगल, धबधबे, मळे सगळं दिसतं. ऊन लागतं तेवढं सोसावं. गर्दीला खरोखर कंटाळलेल्यांना (प्र. २) आम्ही हाच मार्ग सुचवतो.

१६. आम्ही शाकाहारी, आई तर कांदा-लसूणही खात नाही. जेवणाचे हाल होतील का?

हाल नाहीत, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. भात, वरणासारखी परिप्पू, नारळाच्या दुधातल्या भाज्या, इडिआप्पम, नारळाची रोटी हे सगळीकडे मिळतं. फसगत होते ती पोल सांबोल या नारळाच्या चटणीत: दिसायला आपल्यासारखीच, पण तिच्यात बऱ्याचदा सुक्या मासळीचा चुरा असतो. भाज्यांतही कधी कधी असतो. 'मस एपा, मालू एपा', म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करा.

हॅटन आणि मस्केलियाच्या परिसरात चहाच्या मळ्यांत काम करणारे तमिळ लोक मोठ्या संख्येनं आहेत. इंग्रजांच्या काळात त्यांचे पूर्वज तमिळनाडूतून आले. त्यामुळे तिथे इडली-डोसा देणारी शाकाहारी हॉटेलं सापडतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र घरून दशम्या, भाजलेले पोहे, मेतकूट न्यावं. इंदूरची शेव न्यायला सांगायची गरज नाही, ती जाणारच. पोयाच्या दिवशी देशभर दारूविक्री बंद असते, हेही काही जण विचारतात म्हणून लिहिलं.

१७. मुलगी एकटी जाऊ शकते का?

सीझनमध्ये रात्रीच्या वाटेवर कुटुंबं, बायका, शाळकरी मुलं असतात आणि दिवे लागलेले असतात. एकट्या परदेशी मुलीही चढतात. त्रास झाला तर तो बहुतेक शहरांत किंवा गर्दीच्या बसमध्ये, डोंगरावर क्वचित. तरी मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा आणि पुढच्या-मागच्या एखाद्या कुटुंबाच्या आसपास चाला. सीझनबाहेर एकटीनं, किंवा एकट्यानं, रात्री चढू नये.

१८. सीझनबाहेर गेलो तर पूर्ण डोंगर आपलाच, नाही का?

आपलाच, पण दिवे बंद, टपऱ्या बंद, पायऱ्या निसरड्या. समन देवाची मूर्ती वैशाखानंतर खाली पेल्मडुल्लाच्या विहारात नेतात, त्यामुळे देऊळही बंद. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस या बाजूलाच जोरात कोसळतो. जळवा निघतात, पायांना मीठ किंवा साबण चोळून, पँट मोज्यात खोचून चालावं.

जायचंच असेल तर दिवसा, गावातला वाटाड्या घेऊन, आणि सकाळी आकाश बघून. वारा सुटला असेल तर परत फिरा.

१९. आम्ही बौद्ध आहोत. वर वंदना म्हणता येते का? आणि बौद्ध नसलेल्यांना बंदी आहे का?

बंदी कोणालाच नाही. वंदना जरूर म्हणा. त्रिशरण-पंचशील पालीत असल्यामुळे महूच्या विहारात म्हणता तेच शब्द शेजारच्या सिंहली कुटुंबाला ओळखीचे असतात, उच्चार थोडे वेगळे. फुलं आणि दिवे खालच्या दुकानांतून घेता येतात.

सगळ्यांनीच पाळायचं ते असं: बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिकडे तो मोठा अपमान समजतात. अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर पूर्ण झाकून ठेवा. त्यावरून परदेशी पर्यटकांना देशाबाहेर पाठवल्याचे प्रकार झाले आहेत. ड्रोन सरकारी परवानगीशिवाय चालत नाही, तो घरीच ठेवा.

२०. पहाटे सूर्योदय, आणि त्याच रात्री कोलंबोहून परतीचं विमान. जमेल ना?

कागदावर जमतं. सूर्योदयानंतर सातला निघालात तर दहापर्यंत खाली, बारा-एकला हॅटन, संध्याकाळी कोलंबो, पुढे कटुनायके. यात बस चुकली, गाडी उशिरा आली किंवा गुडघ्यानं असहकार केला, की विमान गेलं. शिवाय रात्रभर जागे असता आणि मांड्या इतक्या आखडलेल्या असतात की विमानाच्या शिडीवर कठडा धरून चढावं लागतं. एक रात्र नल्लतन्निया किंवा कँडीत काढा. तेही शक्य नसेल तर श्रीपाद सहलीच्या सुरुवातीला घ्या आणि समुद्रकिनारा शेवटी.